प्रयोगशाळेतील उंदीर हा हर्पिस विषाणूचा खरा यजमान मानावा का?

अनघा : कृंतकांमधील, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमधील, हर्पिस विषाणूंचा अभ्यास बहुतेक वेळा माणसाच्या विषाणूंचे प्रतिरूप म्हणून होतो आणि त्यात मूळ यजमान, म्हणजे विषाणू निसर्गतः ज्यात राहतो तो प्राणी, हरवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एमएचव्ही-६८ हा हर्पिस विषाणू स्लोव्हाकियात पकडलेल्या बँक व्होल या रानटी प्राण्यातून मिळाला आणि १९८० साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ब्रिटनमधील पाहणीत तो प्रामुख्याने वूड माउस या रानउंदरात आढळला. ज्या घरउंदरापासून प्रयोगशाळेतील जाती निघाल्या, त्यात नव्हे. याचा परिणाम किरकोळ नाही. हा विषाणू एम३ नावाचे प्रथिन तयार करतो आणि ते यजमानाच्या केमोकाइन रेणूंना, म्हणजे संरक्षक पेशींना बोलावणाऱ्या संदेशांना, पकडून ठेवते. एम३ काढून टाकलेला विषाणू प्रयोगशाळेतील उंदरांना नाकावाटे दिला तेव्हा फारसा फरक दिसला नव्हता; वूड माउसच्या फुप्फुसात मात्र तो ठळकपणे दिसला. चुकीच्या यजमानावर विसंबलो असतो, तर हे जनुक बिनमहत्त्वाचे ठरवून मोकळे झालो असतो.

श्रीनिवास : अनघाताई, एम३चे उदाहरण मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. हर्पिस कुळातील विषाणूंची रचना विलक्षण सारखी आहे: १६२ कॅप्सोमरांचे, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या घटकांचे, वीस पृष्ठांचे प्रथिनकवच, त्याभोवती टेगुमेंट हा प्रथिनांचा थर आणि बाहेर मेदाचे आवरण. याच कुळातला माणसाचा सायटोमेगॅलोव्हायरस उंदरात वाढतच नाही, त्यामुळे सुमारे २,३०,००० बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) उंदराचा सायटोमेगॅलोव्हायरस हाच जवळचा आधार उरतो, आणि तो तर घरउंदराचा स्वतःचा विषाणू आहे. १९९७ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच जिवाणूत क्लोन करण्यात आला, म्हणजे तेथे त्याच्या प्रती बनवता येऊ लागल्या. हर्पिस कुळात हे प्रथमच घडले आणि जनुके एकेक बदलून पाहण्याची ती पद्धत नंतर माणसाच्या विषाणूंसाठीही वापरली गेली. संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींवरील एलवाय४९एच हा ग्राही, म्हणजे ओळख पटवणारे प्रथिन, विषाणूच्या एम१५७ प्रथिनाला थेट ओळखतो, हे २००२ साली कळले, तेही याच उंदरांमुळे.

वैदेही : श्रीनिवासजी, तुमचे शेवटचे उदाहरण अनघाताईंच्याच बाजूने जाते, असे मला वाटते. एलवाय४९एच प्रयोगशाळेतील उंदरांच्या सी५७ब्लॅक६ या जातीत आहे, बॅल्ब-सी या जातीत नाही. म्हणून पहिली जात विषाणूला दाद देत नाही आणि दुसरी सहज बळी पडते. रानटी उंदरांतून मिळवलेल्या विषाणूंपैकी अनेकांचे एम१५७ तर या ग्राहीला चिकटतच नाही. म्हणजे एका जातीची आणि एका प्रयोगशाळेतील विषाणूची जोडी आपण निसर्गाचा नियम समजून बसतो. आणखी एक गोष्ट: गर्भातील संसर्गाचा प्रश्न असेल, तर उंदराचा सायटोमेगॅलोव्हायरस वार, म्हणजे आई आणि गर्भ यांना जोडणारा अवयव, ओलांडत नाही, गिनीपिगचा ओलांडतो. गिनीपिगही कृंतकच आहे, तरी त्याचा उल्लेख अशा चर्चांत क्वचितच होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

श्रीनिवास : गिनीपिगबाबत तुम्ही म्हणता ते योग्यच आहे, तेथे मी वाद घालणार नाही. तरीही एमएचव्ही-६८च्या जवळच्या एमएचव्ही-७६ या विषाणूकडे पाहा. त्याच्या जनुकसंचाच्या एका टोकाचा सुमारे ९,५०० बेसजोड्यांचा तुकडा नाही, आणि एम१ ते एम४ ही जनुके त्यातच येतात. पेशीसंवर्धनात, म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत, हा विषाणू एमएचव्ही-६८ इतकाच चांगला वाढतो, पण उंदराच्या फुप्फुसातून लवकर नाहीसा होतो. हा फरक काचेच्या बशीने लपवला होता आणि प्रयोगशाळेतील उंदरानेच तो दाखवून दिला.

अनघा : होय, आणि त्या तुकड्यात एम३ होते, म्हणूनच मी वूड माउसचा आग्रह धरते. प्रयोगशाळेतील उंदराने चारही जनुके एकत्र गेल्याचा परिणाम दाखवला. त्यांपैकी एम३चा वाटा वेगळा करून दाखवायला रानातील यजमान लागला.