दादरचा डेक राहिला की!

वर कोणीतरी म्हटलंय की मुंबईत समुद्राकाठी फुकटात निवांत बसायला जागाच उरली नाही. अहो, दादरला चैत्यभूमीशेजारचा व्ह्यूइंग डेक विसरलात का? जागा तशी एवढीशीच, झाडं आणि बाकडी, पण समोर थेट वांद्रे-वरळी सी लिंक, सूर्यास्ताला तर काय विचारता. गंमत म्हणजे हे सगळं पावसाळी पाण्याच्या पातमुखावर बांधलंय, म्हणजे तुम्ही बसता त्याच्या खालूनच शहराचं पाणी समुद्रात जातं, आणि ओहोटीला कधीकधी जो वास येतो ना तो त्याचाच, नाक धरून बसायची तयारी ठेवा :)

आमची आई गुडघ्यांमुळे वाळूत चालत नाही, तिला इथे बरं पडतं. पर्समध्ये जुना पेपर ठेवते, कारण खाऱ्या वाऱ्याने बाकडं कायम चिकट, पुसलं की पेपर काळा.

फक्त जुलै-ऑगस्टात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी नका जाऊ, आणि 6 डिसेंबरच्या आसपास तिथे लाखोंनी लोक येतात तेव्हा नुसतं बसायला म्हणून तर नकोच.