घर बदलायचे ठरले आहे, पण मन तयार होत नाही

प्रश्न
नमस्कार. आमचे घर बडोद्याला दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात आहे. लग्न होऊन मी याच घरात आले आणि यजमान गेल्यावरही इथेच राहिले. आता मला जिना चढवत नाही आणि छप्पर दर पावसाळ्यात गळते, म्हणून मुलाने व सुनेने गोत्रीला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतले असून दिवाळीनंतर तिकडे जायचे ठरले आहे. निर्णय योग्य आहे हे मला पटते, तरीही सामान आवरायला घेतले की छातीत धडधडू लागते. खंडेराव मार्केटमधली, न सांगता माझ्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवणारी भाजीवाली आणि शेजारच्या वहिनींबरोबरचा सुरसागरापर्यंतचा फेरा हे सगळे सुटणार, एवढेच डोळ्यांसमोर येते. या वयात बदलाची भीती जाते का?

उत्तर 1
काकू, भीती पूर्ण जाण्याची वाट पाहू नये, असे मला वाटते, कारण टाळत राहिल्याने ती वाढतच जाते. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते, असे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडले होते. तुमच्या बाबतीत तर जे सुटणार ते रोजच्या ओळखीचे आहे, आणि जे मिळणार त्याची अजून काहीच ओळख नाही. ती ओळख आतापासून करून घ्या. किल्ल्या मिळाल्या असतील तर अधूनमधून एखादी दुपार तिथे घालवा, सुनेला बरोबर घेऊन जवळचा भाजीबाजार, देऊळ आणि औषधांचे दुकान पायी पाहून या, एकदा नव्या ओट्यावर स्वतः वरणभाताचा कुकर लावा. देवघर कुठे मांडायचे हे मात्र तुम्हीच ठरवा, कारण जिथे आपला शब्द चालतो ती जागा लवकर आपली वाटू लागते.

उत्तर 2
वरील सल्ला चांगला आहे, पण ही सगळी भीतीच आहे असे मला वाटत नाही. ज्या घरात यजमानांबरोबर संसार केला ते सोडताना वाईट वाटणारच, आणि त्यावर उपाय शोधण्यापेक्षा मुलाशी मोकळेपणाने बोलणे बरे. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातील 43 घटनांचा ताण अंकांत मांडला, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100, घर बदलण्याला 20, आणि विवाहासारख्या आनंदाच्या घटनेलाही 50 अंक दिले. तेव्हा चांगल्या बदलानेही मन थकते, त्यात तुमचा कमकुवतपणा नाही. धडधड वारंवार होत असेल किंवा झोप उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

उत्तर 3
आपण बडोद्याचे मराठी लोक मुळात बाहेरून येऊन इथे रुजलेले आहोत. सयाजीराव महाराज 1875 मध्ये दत्तक आले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे एक लहान शेतकरीपुत्र होते. अक्षरओळखही त्यांना इथेच झाली, आणि पुढे 1906 मध्ये त्यांनीच संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तुम्हाला तर गावही बदलायचे नाही. वहिनींशी आठवड्यातला एक वार आताच ठरवून टाका, म्हणजे ही सोबत तुटणार नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. वहिनींना विचारले, त्या गुरुवार म्हणाल्या. यजमानांचे लाकडी कपाट नव्या घरात मावणार नाही म्हणून मुलगा ते विकायचे म्हणत होता. ते माझ्या खोलीत हवे, हे आज रात्री त्याला स्पष्ट सांगणार आहे.