फासा टेबलावरच शोभतो, व्हिडिओ गेमच्या लढाईत त्याचं काय काम?

बिनफाशाचा: ‘मॉरोविंड’ (२००२) खेळलेल्यांना हे दुखणं ठाऊक असेल. समोर साधा खेकडा, तलवार त्याच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, आणि आवाज येतो नुसता हवा कापल्याचा. शस्त्रातलं कौशल्य कमी, दम संपत आलेला, त्यात आतला फासा उलटा पडला, की वार फुकट!

ही खोड ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची (१९७४), म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गोष्टीवजा खेळाची. पण तिथल्या जुन्या नियमांत लढाईची एक फेरी मिनिटभराची असायची. त्या मिनिटात बरीच झटापट झाली असं धरायचं, फासा फक्त निकाल सांगायचा. शिवाय हुकलेला वार डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, रंगवून सांगतो: ढालीवर आदळला, पाय घसरला. कॉम्प्युटरने फासा उचलला आणि सांगणारा माणूस टेबलावरच सोडला. ‘ऑब्लिव्हियन’ने (२००६) तलवारीचा हा फासा काढून टाकला, बरंच केलं.

नॅचरल_वीस: एका गेमपायी अख्खी परंपरा सुळावर? मॉरोविंडमध्ये तलवार तुम्ही स्वतः फिरवता, म्हणून हुकलेला वार खटकतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये वार लागण्याची शक्यता, समजा ६५ टक्के, आधीच दिसते आणि तिथून डोकं चालायला लागतं. उंचावर चढू का? की आधी सोबत्याकडून शत्रूला आडवा पाडून अॅडव्हान्टेज घेऊ? मग दोन फासे पडतात, मोठा धरायचा, ६५चे जवळपास ८८ होतात. ही सगळी जुळवाजुळव हीच तर लढाई, आणि ती टेबलावरूनच आली.

पडद्यामागचा: दिसणारे टक्के खरे असतात, असं धरून चाललाय दोघं. ‘फायर एम्ब्लेम’च्या बऱ्याच भागांत नशिबाने पडलेल्या दोन आकड्यांची सरासरी काढतात, त्यामुळे ९० लिहिलेलं असतं तिथे प्रत्यक्षात ९८च्या आसपास असतात. ‘एक्सकॉम’ (२०१२) सोप्या पातळ्यांवर गुपचूप खेळाडूच्या बाजूने झुकतं. बाल्डर्स गेट ३मध्ये ‘कार्मिक डाइस’ आपोआप चालूच असतात, ओळीने अपयश येऊ नये म्हणून. मास्टरही पडद्याआड फासा टाकून खुशाल थापा मारतो म्हणा. तीही परंपराच!

बिनफाशाचा: म्हणजे फासा जसा पडेल तसा कुणालाच सोसत नाही, हेच झालं ना? ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) पाहा. शत्रू कुठे मारणार हे आधी दिसतं, तुमचा वार कधी हुकत नाही, तरी प्रत्येक चालीला घाम फुटतो.

नॅचरल_वीस: त्यातही इमारत हल्ला झेलून तगण्याची टक्केवारी आहे. तो फासा तुमच्या बाजूने पडतो म्हणून तुम्हाला बोचत नाही, एवढंच.

बिनफाशाचा: त्या टक्केवारीच्या भरवशावर कुणी चाल रचत नाही. तिथे हरलो तर चूक माझी. एक्सकॉममध्ये ९५ टक्के दाखवून शिपायाचा नेम हुकतो, तेव्हा चूक कुणाची?

नॅचरल_वीस: तुमचीच. नेम हुकला तर पुढे काय, याचा विचार न करता त्याला उघड्यावर उभं कुणी केलं होतं?