मदत हवी आहे: मेंदूचा 'क्रिटिकल पीरियड' आणि ऑटिझम, माणसांतला पुरावा कोणता?

एमएस्सीच्या सेमिनारसाठी 'क्रिटिकल पीरियड'वर, म्हणजे अनुभवातून मेंदू घडण्याच्या ठरावीक कालखंडावर, 15 मिनिटं बोलायचंय. ह्यूबेल-वीझल या मेंदूशास्त्रज्ञांचे मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग वाचून झाले: ठरावीक आठवड्यांत एक डोळा बंद ठेवला की त्या डोळ्याची नजर कायमची अधू होते, मोठ्या मांजरात तसं होत नाही. हा कालखंड सुरू व्हायला गाबा (चेतापेशींना शांत करणारं मेंदूतलं रसायन) लागतो आणि पुढे चेतापेशींभोवतीची जाळी तो मिटवायला हातभार लावते, हेही समजलं.

अडलंय पुढे. 1944-45 च्या डच दुष्काळात गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार झालेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. पण ही झाली इजा होण्याची नाजूक वेळ. अनुभवातून मेंदू घडण्याची वेळ वेगळी ना? पुस्तकं दोन्हींना सर्रास एकच नाव देतात, नि माझा गोंधळ तिथेच.

फ्रॅजाइल एक्स (ऑटिझमशी जोडला जाणारा जनुकीय विकार) असलेल्या उंदरांत स्पर्शाच्या भागातला हा कालखंड उशिरा येतो, ते वाचलंय. त्यामुळे कृपया उंदीर नकोत. बुखारेस्टच्या अनाथालयांत मायेविना वाढलेल्या मुलांचा अभ्यासही घेतलाय, पण तिथे वंचितपणा बाहेरचा आहे.

ऑटिझम असलेल्या माणसांत क्रिटिकल पीरियडची ही खिडकीच लवकर किंवा उशिरा उघडते, हे थेट मोजलंय का? असल्यास कशाने: ईईजी, एमआरआय की आणखी काही?