मदत हवी आहे: रस्त्यावरचे दिवे लागले की रेडिओत घरघर

नौपाडेकर: कोणाला उपाय माहीत असेल तर लवकर सांगा, पंधरा दिवस झाले. गल्लीत नवे पांढरे एलईडी दिवे बसवले तेव्हापासून संध्याकाळी ते पेटले रे पेटले की रेडिओत घर्रर्र सुरू. सकाळी विझले की आवाज स्वच्छ. बाबा रेडिओ कानाला लावून बसतात, तरी बातम्यांतलं एक वाक्य धड कळत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो रेडिओत दोष नाही.

मीनल_ऐरोली: एफएम की मिडियम वेव्ह? स्टेशन कोणतं? मजला कितवा? काहीच लिहिलेलं नाही.

जुना_वायरमन: आधी अर्थिंग तपासा. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांत अर्थिंग नावापुरतंच असतं.

नौपाडेकर: अहो, रेडिओ सेलवर चालतो, अर्थिंगचा काय संबंध? आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, मिडियम वेव्ह, ५५८ किलोहर्ट्झ. दुसरा मजला, खांब खिडकीसमोरच.

कोपरीकर: आकाशवाणीचं ॲप टाका मोबाइलवर. एका मिनिटाचं काम.

नौपाडेकर: बाबा ८४ वर्षांचे आहेत, नजर अधू. रेडिओच्या चाकावर आईने नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन ठेवलाय. तो बोटाला वरच्या बाजूला लागला की अस्मिता. आई जाऊन सहा वर्षं झाली, आजही ते तसंच लावतात. मला रेडिओच हवाय.

हौशी_लहरी: मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, शॉर्टवेव्हच्या ४० मीटर बँडवर हाच त्रास भोगतोय. एलईडी दिव्याला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. ती करून देणारा दिव्यातला ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याच्या पटीतल्या लहरी मिडियम वेव्ह, शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात. आत फिल्टर नीट असेल तर त्या तिथेच अडतात. सगळे एलईडी वाईट नसतात. दिव्यांनी किती गोंगाट करावा याला सिस्पर १५ नावाचं मानक आहे.
आज दिवे लागल्यावर घराचा मेन स्विच पाडा. घरघर गेली तर दोष तुमच्याच घरातला. राहिली तर रेडिओ घेऊन खाली उतरा आणि एकेका खांबाखाली उभे राहा.

जुना_वायरमन: एवढं कशाला? गोंगाट दाबणारा फेराइटचा मणी वायरीत घाला, काम झालं.

हौशी_लहरी: कोणत्या वायरीत? सेलवरच्या रेडिओला वायर कुठे आहे? मणी घालायचा तर दिव्याच्या ड्रायव्हरपाशी, आणि तो खांब आपला नाही. कृपा करून कोणी चढू नका.

जुना_वायरमन: चढा असं मी म्हटलेलं नाही. तीस वर्षं लाइनवर काढलीत.

सेक्टर_१७: एलईडीने वीज निम्म्याहून कमी लागते, म्हणून दिवे बदलतात.

मीनल_ऐरोली: विजेचं कोणी विचारलेलं नाही. बाकी जुने पिवळे सोडियमचे दिवे डोळ्यांना बरे होते. आता पडदा लावला तरी झोप येत नाही.

नौपाडेकर: मेन पाडला, घरघर तशीच. खाली गेलो. चार खांबांपैकी तिघांखाली जेमतेम खरखर, आमच्या खिडकीसमोरच्या खांबाखाली मात्र अस्मिता पूर्ण बुडाली. एफएम तिथेही व्यवस्थित.

हौशी_लहरी: मग त्या एकाच दिव्याचा ड्रायव्हर बिघडलेला किंवा फिल्टरविना असणार. एफएममध्ये असा गोंगाट सहसा कमीच जाणवतो. तक्रारीत खांबाचा नंबर, वेळ आणि दोन रेकॉर्डिंग द्या: एक त्या खांबाखालचं, एक शेजारच्या. 'रेडिओ चालत नाही' लिहू नका, 'ड्रायव्हर बदला' असं स्पष्ट मागा.
तोवर रेडिओ आडवा फिरवून बघा. आत फेराइटची कांडी लांबीत बसवलेली असते, तिचं टोक दिव्याकडे झालं की घरघर कमी होते. मात्र दिवा आणि अस्मिताचा मालाडचा प्रक्षेपक एकाच दिशेला असतील तर अस्मिताही दबेल.

नौपाडेकर: फिरवला. रेडिओचं टोक खिडकीकडे केल्यावर निवेदिकेचा आवाज वर आला. बाबांनी हाताने खूण केली, हलवू नकोस. टेबलावर खडूने रेघ मारून ठेवलीय. खांबाचा नंबर उतरवून घेतलाय. असा अर्ज कोणी आधी केला असेल तर मजकूर इथे टाका, उद्या सकाळीच देऊन येतो.