चर्चा: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सुरू होताना मिळणारी सेटिंग) लॉगिननंतरच्या सगळ्या सेशनला द्यायचं की एकेका प्रोग्रामला?

सराफा_टर्मिनल:
इंदूरच्या वाचनालयातल्या पीसींवर उबंटू लिनक्स, लॉगिनच्या पडद्यासाठी लाइटडीएम आणि खिडक्या सांभाळायला आयथ्री आहे. मराठी टायपिंगला आयबस. टर्मिनलमधून एडिटर उघडला की देवनागरी उमटते, मॉड-डी दाबून डीमेनूच्या यादीतून उघडला की नुसती इंग्रजी. जीटीके_आयएम_मॉड्यूल (जीटीकेवर बनलेल्या प्रोग्रामना आयबस वापरायला सांगणारं व्हेरिएबल) लिहिलंय .बॅशआरसीत, आणि ती फाइल वाचते फक्त इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपण कमांड टाइप करतो ती. आयथ्रीला उठवतो लाइटडीएम, मध्ये तशी शेल येतच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझं मत: एक्सपोर्टची ओळ ~/.प्रोफाइलमध्ये (लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी फाइल) हलवा, लॉगआउट करून परत या.

मल्हारगंज_रूट:
दादा, एका एडिटरसाठी अख्ख्या सेशनला कशाला? त्याच्या की-बाइंडिंगमध्येच (कुठली की दाबली की काय चालवायचं, ती आयथ्रीतली ओळ) द्या: एक्झेक, मग व्हेरिएबल=आयबस, मग प्रोग्रामचं नाव. आयथ्री ती ओळ एसएच या साध्या शेलकडे सोपवतो, म्हणून चालतं. एपीआय टोकन (ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) .प्रोफाइलमध्ये कोंबणाऱ्यांना तर हात जोडले. ब्राउझरपासून गाण्यांच्या प्लेअरपर्यंत सगळ्यांच्या हाती ते आयतं पडतं.

सराफा_टर्मिनल:
टोकनचं कबूल. पण तोच एडिटर कुणी डीमेनूतून उघडला की तुमचं बाइंडिंग बसलं बघत. वाचनालयात लोक डीमेनूच वापरणार.

पलासिया_पीआयडी:
.प्रोफाइल म्हणजे काम फत्ते, असं नाही हं. लाइटडीएम ती साध्या एसएचमधून वाचतो, त्यामुळे [[ ]] सारखी खास बॅशची वाक्यरचना तिथे अडते. लाइटडीएमऐवजी कन्सोलवर लॉगिन करून स्टार्टएक्सने ग्राफिकल सेशन चालवत असाल आणि घरात .बॅश_प्रोफाइल असेल, तर बॅश .प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. .एक्सइनिटआरसीत (स्टार्टएक्स वाचतो ती फाइल) लिहायचं तर ‘एक्झेक आयथ्री’च्या वर, खालची ओळ कधीच चालत नाही. सिस्टमडीच्या युजर सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) आयथ्रीच्या पोटच्या नाहीत, त्यांना सिस्टमसीटीएल --युजर इम्पोर्ट-एन्व्हायर्नमेंट वेगळं लागतं.

आणि मॉड-शिफ्ट-आर दाबून आयथ्री रीस्टार्ट केला तरी काही होत नाही. आयथ्री पुन्हा उठतो तो जुनीच शिदोरी घेऊन. भांडण्याआधी /प्रॉक/<आयथ्रीचा पीआयडी>/एन्व्हायर्न उघडा, टीआर कमांडने \० च्या जागी \एन घाला म्हणजे ओळी सुट्या दिसतील. तिथे व्हेरिएबल नाही तर चूक आयथ्रीच्या आधीची.

मल्हारगंज_रूट:
ताई, पटलं. पण आयबसपुरतं बोलायचं तर ‘आयएम-कॉन्फिग -एन आयबस’ ही कमांड चालवा. क्यूटीवर बनलेल्या प्रोग्रामांचं व्हेरिएबल आणि जुन्या एक्स प्रोग्रामांचं एक्समॉडिफायर्स हेही तेच लावतं. सराफावाल्यांच्या एका ओळीत ती दोन्ही राहूनच गेली होती. बाकी व्हेरिएबल्सना माझं बाइंडिंगच.