इथेनॉलचा स्तंभ ९५ टक्क्यांपाशी अडकतो : ट्रे वाढवावेत की दाब कमी करावा?

प्रश्न (रासायनिक अभियांत्रिकी, अंतिम वर्ष, पुणे)
पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे ९९.५ टक्के इथेनॉल मळीपासून तयार करणे, हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. मॅकेब-थील आलेखात (ऊर्ध्वपातन स्तंभाला किती ट्रे, म्हणजे वाफ व द्रव एकमेकांत मिसळणाऱ्या आडव्या थाळ्या, लागतील हे पायऱ्यांनी मोजणारा आलेख) वरच्या टोकाला पायऱ्या बारीक होत जातात आणि कितीही ट्रे मांडले तरी ९५ च्या पुढे सरकता येत नाही. रिफ्लक्स (वर थंड होऊन स्तंभात परत सोडलेला द्रव) वाढवावा, की स्तंभ निर्वातात चालवावा?

प्रतिसाद १
वातावरणीय दाबाला वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल असलेले मिश्रण ७८.२ अंश सेल्सियसला उकळते आणि तेथे वाफ व द्रव यांची घडण एकच असते. ऊर्ध्वपातन या दोहोंतील फरकावर चालते, त्यामुळे तो फरकच संपल्यावर रिफ्लक्स वाढवून केवळ बॉयलरची वाफ खर्ची पडते. मोल-अंशात (वजनाऐवजी रेणूंच्या संख्येने मोजलेल्या प्रमाणात) हा बिंदू सुमारे ०.८९ येथे पडतो.

निर्वाताची कल्पना कागदावर बरोबर आहे, कारण पाऱ्याच्या सुमारे ७० मिलिमीटर दाबाखाली हा अडसर नाहीसा होतो. मात्र त्या दाबाला इथेनॉलची वाफ २८ अंशांच्या आसपास द्रवरूप होते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणीच जवळपास तेवढे कोमट असते, म्हणजे चिलर आलाच. वाफेचे आकारमान नऊ-दहा पट झाल्याने स्तंभाचा व्यासही वाढतो, तो खर्च वेगळा.

प्रतिसाद २ (आसवनीत कार्यरत)
पूर्वी बेंझिन घालून पाणी काढत, पुढे सायक्लोहेक्सेन आले. आता मॉलिक्युलर सीव्ह (रेणू आकारावरून वेगळे करणारी चाळणी) घ्यावी. ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या मण्यांमध्ये पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो. एक बेड (मण्यांनी भरलेले पात्र) पाणी धरत असताना दुसऱ्यावर निर्वात लावून, तयार इथेनॉलच्याच थोड्या वाफेने त्यातील पाणी काढून टाकतात. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात सुपरहीटर (वाफ उकळबिंदूच्या वर तापवणारे उपकरण) हमखास राहून जातो. वाफेबरोबर थेंब आत गेले तर मणी फुटतात आणि पांढरी भुकटी पुढच्या फिल्टरमध्ये साचू लागते.

प्रश्नकर्ता
मग स्तंभ किती टक्क्यांवर थांबवावा?

प्रतिसाद २
खरे डिझाइन येथेच आहे. ९५ च्या जवळ जावे तसा रिफ्लक्स चढत जातो. ९० वर थांबल्यास बेड मोठे लागतात आणि त्यांतून निघणारा पाणीदार प्रवाह वाढून पुन्हा त्याच स्तंभात येतो. म्हणून स्तंभ आणि सीव्ह स्वतंत्रपणे न सोडवता, हा परतीचा प्रवाह धरूनच वस्तुमान-संतुलन मांडावे. सुरुवात ९३ पासून करावी आणि एकेक टक्का वर-खाली करून प्रतिलिटर वाफेचा खर्च ताडून पाहावा.